नाव आपलं, व्यवहार दुसऱ्याचा

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या झेरॉक्सच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना नुकतीच जाहीर झाली होती. महिन्याला १,५०० रुपये थेट खात्यात येणार होते, आणि त्यासाठी आधार, रेशन कार्ड, पासबुक, फोटो असा गठ्ठा पिशवीत घालून बायका सेतू केंद्रांपुढे, अंगणवाड्यांपुढे, माजी नगरसेवकांच्या संपर्क कार्यालयांपुढे रांगा लावत होत्या. सोलापूरच्या पूर्व भागात तर घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका सुपडं बाजूला ठेवून रांगेत आल्या होत्या.

सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातून बातमी आली. एका माणसानं या योजनेसाठी जवळपास तीस अर्ज भरले होते. आधार क्रमांक वेगवेगळ्या बायकांचे, फोटो मात्र आपल्याच बायकोचे, निरनिराळ्या पेहरावांतले. त्यातल्या बऱ्याच अर्जांचे पैसे जमाही झाले होते. प्रकरण बाहेर आलं ते पनवेलकडच्या एका बाईमुळे. तिचा अर्ज भरलाच जाईना, कारण तिच्या आधार क्रमांकावर आधीच कुणीतरी अर्ज केलेला होता.

या प्रकरणात कुणी संगणकाचं कुलूप तोडलं नाही, कुणाच्या खात्यातून एक रुपयाही गेला नाही. चोरीला गेलं ते नाव, आणि ज्यांचं नाव गेलं त्यांना पत्ताही नव्हता. ओळखीची चोरी बहुतेक वेळा अशीच होते. पुढे तिच्यातून खात्यातल्या पैशांची चोरी होते, आपल्या नावावर कर्ज निघतं, कधी पोलिसांची नोटीस येते.

फसवणुकीचा हा धंदा करणाऱ्याला तीन गोष्टी लागतात: आपली माहिती, आपली घाई आणि पैसे उतरवून घ्यायला कुणाचं तरी बँक खातं. तिन्ही त्याच्याकडे नसतात. त्या आपल्यासारख्याच माणसांकडून त्याला मिळतात. म्हणूनच सामान्य माणसाला या धंद्याविरुद्ध काहीच करता येत नाही, ही समजूत खोटी आहे.

माहिती: प्रतींचा हिशेब

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हापासून बारा आकड्यांचा हा क्रमांक शाळेत, दवाखान्यात, लॉजवर, सिमकार्डाच्या टपरीवर, सगळीकडे देण्याची आपल्याला सवय झाली. कष्टकऱ्यांच्या शहरात ती अधिकच लागते. सोलापूरजवळ कुंभारीला असंघटित कामगारांसाठी रे नगर ही तीस हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि त्यातल्या पंधरा हजार घरांचं वाटप १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. अशा प्रत्येक घरामागे कागदांची एक फाइल असते. विडी कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, मुलांची शिष्यवृत्ती, रेशन, गॅस, पेन्शन, प्रत्येकाची आणखी एकेक. ज्याला सरकारी योजनेची गरज जास्त, त्याच्या कागदांच्या प्रतीही जास्त, आणि त्या कुठे कुठे पडल्या आहेत हे त्यालाही सांगता येत नाही.

नुसता आधार क्रमांक कळल्यानं खात्यातले पैसे जात नाहीत. धोका सुरू होतो तो त्याला दुसरी गोष्ट जोडली की. ती दुसरी गोष्ट म्हणजे मोबाइलवरचा ओटीपी किंवा बोटाचा ठसा. तेलंगणात २०१८ मध्ये एका सिमकार्ड विक्रेत्यानं जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे अंगठे सरकारी संकेतस्थळावरून उतरवले, त्यांचे रबरी ठसे बनवले आणि परक्यांच्या नावानं सिमकार्डं चालू केली. गावोगावी बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढायची जी सोय आहे, तिचाही अशाच नकली ठशांनी गैरवापर झालेला आहे. तिथे ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. ठसा हाच पिन.

त्यावरचा उपाय फुकट आहे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर किंवा एम-आधार अॅपवर ‘बायोमेट्रिक लॉक’ ही सोय मिळते. ती लावली की आपल्या ठशावर कुठलाही व्यवहार होत नाही. रेशन दुकानात किंवा बँक मित्राकडे अंगठा लावायची वेळ आली की थोड्या वेळासाठी कुलूप उघडायचं. ज्यांना दर महिन्याला अंगठा लावावा लागतो त्यांना हे कटकटीचं वाटेल. ज्यांचा अंगठा वर्षातून एखाद्या वेळी लागतो, त्यांनी मात्र कुलूप लावायला उशीर करू नये. त्याच ठिकाणी गेल्या सहा महिन्यांत आपलं आधार कुठे कुठे तपासलं गेलं याची यादीही पाहता येते.

कागदाची प्रत देताना शक्य तिथे ‘मास्क्ड आधार’ द्यावं. त्यावर पहिले आठ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे चार दिसतात. लॉजवर किंवा सोसायटीच्या गेटवर तेवढं पुरतं. झेरॉक्सच द्यावी लागली तर तिच्यावर आडवं लिहावं: कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला. अक्षरं छापील मजकुरावरून जाऊ द्यावीत, म्हणजे खोडून दुसरीकडे वापरता येणार नाही. आणि एक सवय मोडायला हवी. प्रिंट काढायची म्हणून आपण आधार, पॅन, पासबुक सगळं दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर पाठवून मोकळे होतो. दुकानदार प्रामाणिक असेलही, पण त्याच्या त्या फोनमध्ये आणि संगणकात शेकडो माणसांची ओळख साठलेली असते आणि तिथे दिवसभर गिऱ्हाइकं हात घालत असतात. प्रिंट हातात आली की समोरच फाइल पुसायला सांगावी. त्यात संकोच कसला?

दुसरा हिशेब सिमकार्डांचा. एका माणसाच्या नावावर देशात साधारणपणे जास्तीत जास्त नऊ सिम असू शकतात. आपल्या नावावर किती आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसतं. मे २०२३ मध्ये ते सुरू झालं. मोबाइल क्रमांक आणि ओटीपी टाकला की यादी येते. त्यात अनोळखी क्रमांक असेल तर तिथेच ‘हा माझा नाही’ असं कळवता येतं. आपल्या नावाच्या सिमवरून दुसऱ्या कुणाला गंडा घातला, तर पोलीस आधी आपल्या दारात येतील. आपल्याच क्रमांकाचं दुसरं सिम चोरानं काढून घेण्याचाही प्रकार असतो. घरात सगळ्यांच्या फोनला रेंज आहे आणि आपल्या एकट्याचाच फोन अचानक मुका झाला, तर ‘टॉवरचा प्रॉब्लेम असेल’ म्हणून झोपू नये. दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला विचारावं.

तिसरा हिशेब कर्जांचा. आपल्या पॅनवर आपल्याला न कळता मोबाइल अॅपवरून लहानसं कर्ज काढल्याच्या तक्रारी देशभर झाल्या आहेत. कर्ज फिटत नाही, हप्ते थकतात, आणि दोन वर्षांनी घरासाठी बँकेत गेलं की मॅनेजर म्हणतो, ‘तुमचा सिबिल खराब आहे.’ सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या आपल्या कर्जांची नोंद ठेवतात. प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दर तीन महिन्यांनी एकेकीकडून मागवला तर वर्षभर पहारा राहतो. चुकीची नोंद दिसली तर लेखी तक्रार करावी. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

चौथा हिशेब कराचा. गुजरातमधल्या पालिताण्यात सरकारी योजनेचे पैसे मिळतील असं सांगून गरिबांना आधार केंद्रावर नेलं गेलं आणि त्यांच्या आधारला भलतेच मोबाइल क्रमांक जोडून त्यांच्या नावानं बनावट जीएसटी नोंदण्या काढल्या गेल्या. हे २०२३ मध्ये उघड झालं. हातावर पोट असलेल्या माणसाच्या नावावर कोट्यवधींची उलाढाल दाखवली जाते ती अशी. सोलापुरात चादर, टॉवेल आणि शाळेच्या गणवेशांचा धंदा करणारे छोटे कारखानदार करसल्लागाराकडे पॅन, सही, पासवर्ड सगळं सोपवून टाकतात. त्यांनी जीएसटीच्या पोर्टलवर आपला पॅन टाकून त्यावर किती नोंदण्या आहेत हे अधूनमधून पाहावं. प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणातही आपल्या नावावरचे मोठे व्यवहार दिसतात.

घाई: फोनवरचा माणूस

माहिती गोळा झाली तरी बरेचदा शेवटचं बटण आपल्यालाच दाबावं लागतं. ते विचार न करता दाबलं जावं, यासाठी समोरचा माणूस घाई निर्माण करतो.

पुण्यात २००५ मध्ये घडलेलं प्रकरण या विषयातलं भारतातलं एक जुनं उदाहरण आहे. एका कॉल सेंटरमधल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतल्या सिटी बँकेच्या ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांत वळवले. त्यांनी पिन चोरले नव्हते. मदत करण्याच्या बोलण्यातून ग्राहकांकडूनच ते काढून घेतले होते. वीस वर्षांत यंत्रं बदलली, रीत तीच राहिली. तेव्हा फोन पुण्यातून अमेरिकेला जात होता, आता कुठून येतो ते कळतही नाही.

घाई तीन वाटांनी आणली जाते. पहिली वाट भीतीची. ‘तुमच्या नावानं पार्सल पकडलंय, त्यात अमली पदार्थ सापडलेत. सीबीआयचे साहेब बोलतायत, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कुणाला सांगू नका.’ याला डिजिटल अरेस्ट म्हणतात. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही याबद्दल सावध केलं होतं. आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूदच नाही. पोलिसांनी चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. निर्दोष ठरवण्यासाठी पैसे ‘तपासायला’ घेणारी कुठलीही सरकारी यंत्रणा नाही. सोलापुरात या भीतीला भाषेची जोड मिळते. घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, आणि फोनवर मात्र कडक हिंदी-इंग्रजी. अधिकाऱ्याची भाषा हीच, असं मनात बसलेलं असतं, आणि पेन्शनर काका उभे राहून ‘जी सर’ म्हणू लागतात. अशा वेळी आपल्या भाषेत बोलावं. ‘आमच्या पोलीस चौकीत येऊन सांगतो, नाव सांगा’ एवढं म्हटलं आणि फोन ठेवला तरी पुरे.

दुसरी वाट सोयीची. ‘ताई, तुमचं लाडकी बहीणचं केवायसी राहिलंय, लिंक पाठवतो, आज शेवटची तारीख.’ ई-केवायसी सक्तीचं झाल्यावर अशा खोट्या संकेतस्थळांबद्दल राज्य सरकारलाच सावध करावं लागलं. कधी वाहतूक दंडाच्या नावानं, कधी लग्नपत्रिकेच्या, तर कधी बँकेच्या नावानं एपीके फाइल येते. ती उघडून परवानग्या दिल्या की फोनवरचे मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, दुसऱ्याला दिसू लागतात. अॅप घ्यायचं ते फक्त अधिकृत अॅप स्टोअरवरून, व्हॉट्सअॅपवर आलेल्या फाइलमधून कधीच नाही. बँकांच्या संकेतस्थळांना आता रिझर्व्ह बँकेनं ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव शेपूट दिलं आहे. नागरी सहकारी बँकांनाही ते लागू आहे. हे शेपूट नसेल तर तिथे पासवर्ड टाकू नये. यूपीआयचा नियम त्याहून साधा आहे: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. समोरचा म्हणाला, ‘क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील’, तर पैसे जाणार आहेत.

तिसरी वाट लोभाची. बार्शीत जानेवारी २०२२ मध्ये शेअर बाजारातल्या गुंतवणुकीचा घोटाळा उघडकीस आला. भरघोस परताव्याच्या आशेनं लोकांनी एका तरुणाकडे कोट्यवधी रुपये दिले होते. तो गायब झाला, मग त्याचा व्हिडिओ आला आणि शेवटी तो सोलापूर ग्रामीण पोलिसांसमोर हजर झाला. इथे अनोळखी फोन नव्हता, परदेशी टोळी नव्हती. माणूस ओळखीचा, गाव आपलं आणि आधी गुंतवणाऱ्यांना मिळालेले पैसे हाच पुरावा. आता हेच व्हॉट्सअॅप आणि टेलिग्रामच्या गटांत चालतं. पडद्यावर नफा वाढताना दिसतो, काढायला गेलं की ‘आधी कर भरा’ म्हणतात. शेअर बाजारात ठरावीक परताव्याची हमी देणं सेबीच्या नियमांत बसत नाही. हमीचा शब्द ऐकला की तिथेच उठावं. सेबीकडे नोंदणी आहे का, ठेवी घेण्याची परवानगी आहे का, हे विचारण्यासाठी रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ हे पोर्टल आहे. पतसंस्थेत पैसे ठेवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. बँकेतल्या ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं.

तिन्ही वाटांवर उपाय एकच: फोन ठेवायचा आणि आपण शोधलेल्या क्रमांकावर आपणच फोन लावायचा. पासबुकावरचा, कार्डाच्या मागचा, शाखेच्या पाटीवरचा. गुगलवर शोधलेला ग्राहक सेवा क्रमांक नको, कारण तिथे चोरांनीही आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात.

खातं: चोरीचा शेवटचा मुक्काम

चोरलेले पैसे हवेत राहत नाहीत. ते कुणाच्या तरी खात्यात उतरतात, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातात आणि शेवटी एटीएममधून बाहेर पडतात. चोर पकडला जाण्याची सगळ्यात मोठी शक्यता या टप्प्यावर असते. २००५ च्या पुणे प्रकरणातही खात्यांच्या मागावरूनच पोलीस आरोपींपर्यंत पोहोचले. म्हणून खरा चोर स्वतःचं खातं कधी वापरत नाही. तो दुसऱ्याचं भाड्यानं घेतो.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. बँकेच्या व्यवहार यंत्रणेत शिरून, नकली कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून आणि हाँगकाँगमधल्या एका खात्यात वळवून मिळून ९४ कोटींहून अधिक रुपये दोन-तीन दिवसांत लांबवले गेले. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेच्या ग्राहकांची खाती सुरक्षित राहिली, तोटा बँकेचा झाला. या हल्ल्यामागचा मेंदू परदेशात होता. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ज्या अकरा जणांना शिक्षा सुनावली, ते मात्र इथले होते. नकली कार्डं घेऊन एटीएमसमोर उभी राहिलेली ही साधी माणसं.

कॉलेजच्या मुलांना, रोजंदारीवरच्या कामगारांना येणारी ऑफर साधी असते: ‘खातं उघडून दे, पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम आमच्याकडे ठेव, महिन्याला पैसे मिळतील.’ ज्याच्या खात्यात कधी पाच हजार नव्हते, त्याच्या खात्यात एका दुपारी पाच लाख येतात आणि जातात. मग तेलंगणातले किंवा दिल्लीचे पोलीस चौकशीला येतात. ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव टिकत नाही, कारण कार्ड आणि सिम त्यानंच स्वतःच्या हातानं दिलेलं असतं. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं ‘म्यूलहंटर’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी प्रणाली तयार केली आहे. खातं, कार्ड आणि सिम या तिन्ही भाड्यानं द्यायच्या वस्तू नाहीत, हे घरातल्या अठरा वर्षांच्या मुलाला पहिलं खातं उघडून देताना सांगायला हवं.

खातं भाड्यानं न देणाऱ्यांनाही कधी कधी याचा फटका बसतो. नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत दुकान आहे. परगावच्या गिऱ्हाइकानं चादरी घेतल्या, क्यूआरवर पैसे दिले. ते पैसे कुणाच्या तरी लुबाडणुकीचे निघाले, आणि दूरच्या राज्यातल्या तक्रारीवरून दुकानदाराच्या खात्यात ती रक्कम अडकते, कधी अख्खं खातंच बंद होतं. अशा वेळी बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घ्यावं आणि विक्रीचं बिल, पाठवणीची पावती, गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं तिथे पाठवावं. मोठ्या रकमेचं बिल नाव-पत्त्यासह फाडण्याचा कंटाळा करू नये, असं जुने व्यापारी सांगतात. ते इथे उपयोगी पडतं. अनोळखी माणसानं ‘चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत पाठवा’ असं सांगितलं तर त्या माणसाला पाठवू नयेत. बँकेत जाऊन, बँकेमार्फतच परत करावेत.

फसल्यावरचा पहिला तास

फसण्याआधी जितकं सावकाश, तितकं फसल्यावर झपाट्यानं वागायला हवं. लोक नेमकं उलट करतात. घाईनं पैसे पाठवतात आणि मग दोन दिवस कुणाला सांगू, काय म्हणतील, यात घालवतात.

पैसे गेल्याचं कळताच १९३० हा क्रमांक लावायचा. गृह मंत्रालयाच्या या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली की ज्या बँकेतून पैसे गेले आणि ज्या बँकेत उतरले, दोघींना एकाच वेळी सूचना जाते. पैसे अजून तिथेच असतील तर ते रोखले जातात. पुढे गेले असतील तर सूचनाही पुढच्या बँकेकडे जाते. चोर आणि ही यंत्रणा यांच्यात ही शर्यत असते आणि पहिला तास सगळ्यात मोलाचा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाताशी ठेवावा. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कुणी बँकेला फोन करून कार्ड आणि यूपीआय बंद करावं. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर सविस्तर तक्रार भरावी, स्क्रीनशॉट जोडावेत. शहरातल्यांनी सोलापूर शहर सायबर पोलीस ठाण्यात, तालुक्यातल्यांनी ग्रामीण पोलिसांच्या सायबर ठाण्यात किंवा जवळच्या ठाण्यात जावं. रोखलेली रक्कम परत मिळण्याचा रस्ता पोलीस आणि न्यायालय यांच्यामार्फत जातो, त्यामुळे प्रत्येक कागद जपून ठेवावा.

बँकेकडून काय मिळू शकतं, याचीही चौकट आहे. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानं आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी १४ डिसेंबरच्या परिपत्रकानं ती घालून दिली. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काही भार नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच कुठल्या यंत्रणेची आहे, आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही त्याच्यावर भार नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंतचा तोटा सोसावा लागतो, मूलभूत बचत खात्याला ५,०००. ग्राहकानं कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. पण ग्राहकानं स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचाच. कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेचं. म्हणून ओटीपी दिला असला तरी लाज न बाळगता लगेच कळवण्यात फायदा आहे.

डिजिटल अरेस्टसारख्या फसवणुकीत या चौकटीचा फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे पैसे आपणच आपल्या हातानं पाठवलेले असतात. तिथे १९३० चा वेगच आधार. मात्र बँकेची बाजू नेहमीच वरचढ ठरते असंही नाही. पुण्यातल्या एका वाहन-सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखानं फसव्या ई-मेलला उत्तर दिलं आणि खात्यातून सुमारे ८० लाख रुपये गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव अशा तक्रारींचे निवाडा अधिकारी असतात. त्यांनी २०१३ मध्ये पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. ज्या खात्यांत पैसे उतरले त्या खात्यांची बँकेनं नीट खातरजमा केली नव्हती, हा त्यातला मुद्दा होता. पाच कोटींपर्यंतचा दावा या मार्गानं करता येतो. बँकेनं तक्रारीला ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ हा त्यांचा संपर्क क्रमांक. गुन्हेगाराला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क आणि ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

घरातली शिस्त

सोलापुरी घरांत एक फोन अनेकांचा असतो. आजीची पेन्शन नातवाच्या फोनवर, आईचा ओटीपी शेजारच्या पोराला विचारून, वडिलांचा पिन भिंतीवरच्या कॅलेंडरवर. हे बदलायला एका दिवसात जमणार नाही, पण काही ठरवता येतं. बँकेला जोडलेला मोबाइल क्रमांक ज्याचा त्याचाच असावा. रोजच्या यूपीआयला वेगळं, थोडे पैसे असलेलं खातं ठेवावं आणि ठेवीचं खातं फोनपासून लांब ठेवावं. यूपीआय आणि कार्डाची रोजची मर्यादा गरजेपुरती खाली आणावी. परदेशी व्यवहार लागत नसतील तर बंदच ठेवावेत. व्यवहाराचा एसएमएस येतो का, हे आई-वडिलांच्या फोनवर आपणच पाहावं. दिवाळीच्या आधी घर आवरताना सगळ्यांच्या नावावरची सिम, कर्ज अहवाल आणि आधारचा वापर एकदा तपासला, तर वर्षाचं काम झालं.

आणि एक नियम घरात मोठ्यानं सांगून ठेवावा: पैशांचा कुठलाही फोन आला तर घरातल्या एका माणसाला विचारल्याशिवाय काहीही पाठवायचं नाही, आणि चुकून पाठवलं तर कुणी रागावणार नाही. फसवणारा प्रत्येक वेळी ‘कुणाला सांगू नका’ असं म्हणतो, कारण माणूस एकटा असेपर्यंतच त्याचा धंदा चालतो. फसलेला माणूस गप्प बसला की तीच युक्ती शेजारच्या घरात पुन्हा चालते. म्हणून भिशीच्या बैठकीत, मंडळात, विड्यांच्या कारखान्यात, रिक्षा स्टँडवर जो कुणी फसला असेल त्यानं तो फोन नेमका कसा आला, काय बोलला, कुठल्या खात्यात पैसे मागितले, हे सगळं सांगावं. पुढच्या फोनला ‘हे आमच्याकडे आधीच येऊन गेलंय’ असं उत्तर देणारं एक जरी माणूस गल्लीत तयार झालं, तरी त्या गल्लीत हा धंदा फायद्याचा राहत नाही.